चिठ्ठीवरचे चिन्ह : कोकणच्या खाडीतला खंड्या आणि नर-मादी-पिल्लू ओळखण्याचा इतिहास

१/
पक्ष्यांचे जुने संग्रह असलेल्या कोणत्याही संग्रहालयात लाकडी खण असतात. त्यांत पाठीवर निजवलेले, कापूस भरलेले पक्षी ओळीने ठेवलेले असतात आणि प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर स्थळ, तारीख, संग्राहकाचे नाव आणि एक लहानसे चिन्ह असते. बाण फुटलेले वर्तुळ म्हणजे नर, खाली क्रूस असलेले वर्तुळ म्हणजे मादी. हे चिन्ह कुणी, कशाच्या आधारावर लिहिले, यावर एखाद्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव टिकणार की कोसळणार, हे अनेकदा ठरले आहे. या धाग्यात त्या चिन्हाचा इतिहास एका पक्ष्याच्या निमित्ताने पाहू. तो पक्षी रत्नागिरीच्या खाड्यांतला आहे.

२/
मराठीत ‘खंड्या’ म्हटले की विहिरीच्या काठावर किंवा विजेच्या तारेवर बसणारा, तपकिरी डोक्याचा आणि पांढऱ्या छातीचा पक्षी डोळ्यांपुढे येतो. आपला नायक त्याचा समुद्रकाठचा नातेवाईक. वरून निळा-हिरवा, खालून शुभ्र, आणि मानेभोवती रुंद पांढरा पट्टा. लांबी सुमारे २४ सेंटीमीटर. इंग्रजीतले त्याचे नाव या गळपट्ट्यावरूनच पडले आहे. शास्त्रीय नाव टोडिरॅम्फस क्लोरिस. ओहोटीच्या वेळी तो कांदळवनातल्या फांदीवर बसून चिखलातले खेकडे आणि निवटे टिपतो. घरटे झाडाच्या ढोलीत किंवा झाडावरच्या वाळवीच्या वारुळात करतो. मासे हे त्याचे एकमेव अन्न नाही.

३/
खंड्यांच्या काही प्रजातींत नर-मादी ओळखणे सोपे असते. काळ्या-पांढऱ्या कवड्या खंड्याच्या नराच्या छातीवर दोन पट्टे असतात. मादीच्या छातीवर एकच, तोही बहुधा मध्ये तुटलेला. ओढ्याकाठच्या लहान निळ्या खंड्याच्या मादीची खालची चोच तांबडी असते, नराची जवळजवळ संपूर्ण काळी. आपला खाडीतला खंड्या मात्र अशी ठळक खूण देत नाही. मादी नरापेक्षा जरा अधिक हिरवट, इतकाच फरक. तोही दोघे शेजारी असतील आणि प्रकाश सारखा असेल तरच डोळ्यांना जाणवतो.

४/
वय ओळखणे त्यामानाने सोपे. नुकत्याच उडू लागलेल्या पिल्लाचे रंग मळकट असतात. छातीवरच्या आणि गळपट्ट्यावरच्या पिसांच्या कडा काळपट असल्यामुळे तिथे माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसते. पंखांवरच्या लहान पिसांना फिकट पिवळसर किनार असते. पहिली पिसे गळून नवी आली की ही नक्षी नाहीशी होते आणि छाती निखळ पांढरी होते. म्हणजे ‘हिरवट’ दिसणारा पक्षी मादी असू शकतो, पिल्लू असू शकते किंवा वेगळ्या किनाऱ्यावरचा वेगळा प्रकारही असू शकतो. पुढचा सगळा गुंता या तीन शक्यतांतून जन्मला.

५/
या पक्ष्याचा शास्त्रीय इतिहास सुरू होतो तोच चुकीच्या पत्त्यापासून. फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्युफाँ याने १७८० साली त्याचे वर्णन छापले. हाती आलेला नमुना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप ऑफ गुड होपचा आहे, अशी त्याची समजूत होती. मार्तिने या चित्रकाराने त्याचे रंगीत चित्र कोरले. १७८३ साली पीटर बोडार्ट या डच अभ्यासकाने त्या चित्रमालेची सूची करताना पक्ष्याला लॅटिन नाव दिले : अल्सेडो क्लोरिस. ग्रीक भाषेत ‘क्लोरिस’ हे नाव हिरवट रंगाच्या एका पक्ष्याचे.

६/
पुढे लक्षात आले की हा पक्षी दक्षिण आफ्रिकेत आढळतच नाही. नमुना आला होता आजच्या इंडोनेशियातील बुरू बेटावरून. मधले हजारो मैल कुठल्या तरी जहाजावर, कुठल्या तरी पेटीत हरवले होते. अठराव्या शतकातल्या संग्रहांत ही गोष्ट नवलाची नव्हती. पक्षी शोभेची वस्तू म्हणून येत आणि त्यांच्यासोबत कागद असेलच याची हमी नसे. जिथे स्थळाचीच नोंद डळमळीत, तिथे नर की मादी, जून की पिल्लू, याची नोंद कुठून असणार?

७/
या अभावाची किंमत मोठमोठ्यांनी मोजली. सजीवांना दुपदरी नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनियसने १७५८ साली एकाच रानबदकाला दोन नावे देऊन दोन प्रजाती मानल्या. एक नराची, दुसरी मादीची. न्यू गिनीच्या परिसरातल्या एक्लेक्टस पोपटाचे उदाहरण तर प्रसिद्ध आहे. नर हिरवागार, मादी लालभडक. हे दोन्ही एकाच प्रजातीचे आहेत, असे जर्मन अभ्यासक ॲडॉल्फ मायर याने १८७४ साली मांडेपर्यंत त्यांना वेगवेगळ्या प्रजाती मानले जात होते. डोळ्यांना दिसणारा फरक खरा होता. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला होता.

८/
गंमत अशी की ज्या चिन्हांनी पुढे हा गोंधळ आवरला, ती जीवशास्त्रात आणली लिनियसनेच. बाणाचे वर्तुळ हे मंगळाचे आणि क्रूसाचे वर्तुळ हे शुक्राचे चिन्ह. ज्योतिषात आणि किमयागारांच्या पोथ्यांत ती पूर्वीपासून वापरात होती. तिथे मंगळ म्हणजे लोखंड आणि शुक्र म्हणजे तांबे. लिनियसने १७५१ च्या सुमारास वनस्पतींच्या संदर्भात ती नर-मादीसाठी वापरली. एका फटकाऱ्यात लिहिता येणारी ही खूण पुढे प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या चिठ्ठ्यांवर आली आणि तिथेच स्थिरावली.

९/
भारतात या शिस्तीचा सर्वांत आग्रही पुरस्कर्ता होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शाळेच्या पुस्तकातून राष्ट्रीय सभेचा एक संस्थापक म्हणून तो आपल्याला माहीत असतो. त्याआधीची कित्येक वर्षे हा सनदी अधिकारी पक्ष्यांच्या मागे होता. १८७२ साली त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षीविषयक नियतकालिक सुरू केले. १८७४ साली त्याने संग्राहकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिकाच छापली. देशभर पसरलेले कलेक्टर, डॉक्टर, लष्करी अधिकारी त्याला नमुने आणि टिपणे पाठवू लागले. इतक्या हातांनी जमवलेली सामग्री एकमेकींशी ताडून पाहायची, तर प्रत्येक चिठ्ठी एकाच पद्धतीने भरलेली असणे अपरिहार्य होते.

१०/
ह्यूमच्या या जाळ्यातला कोकणचा दुवा म्हणजे जॉर्ज विल्यम व्हिडाल, मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. १८८० साली त्याची दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी ‘स्ट्रे फेदर्स’च्या नवव्या खंडात आली. त्याच साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंडही प्रसिद्ध झाला. गावे, बंदरे, पिके, जाती, किल्ले, सगळ्यांच्या याद्या करण्याचे ते दिवस होते. राज्य करण्यासाठी मोजणी हवी होती आणि त्याच मोजणीच्या ओघात खाडीतला खंड्याही कागदावर उतरला.

११/
आता मूळ प्रश्न. रंगावरून नर-मादी कळत नसेल, तर चिठ्ठीवर चिन्ह लिहायचे कसे? उत्तर पक्ष्याच्या पोटात होते. गोळी लागून पडलेल्या पक्ष्याचे कातडे सोलून काढताना उदरपोकळी उघडली जाई. मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी दोन फिकट, घेवड्याच्या दाण्यासारखे वृषण दिसले तर नर. डाव्या बाजूला बारीक दाण्यांचा घोस दिसला तर मादी. कारण बहुतेक पक्ष्यांत डावे अंडाशयच पूर्ण वाढते. मग कातड्याला आतून आर्सेनिकचा लेप, आत कापूस, आणि पायाला चिठ्ठी.

१२/
हे ऐकायला सोपे वाटते, पण त्यात अडचणी पुष्कळ. विणीच्या हंगामात हे अवयव फुगतात; हंगाम सरला की इतके आक्रसतात की भिंगाशिवाय दिसणे कठीण. गोळीने आतला भाग फाटला असेल तर काहीच कळत नाही. शिवाय कोकणच्या दमट उन्हाळ्यात मृत पक्षी काही तासांत खराब होऊ लागतो, त्यामुळे काम घाईचे. अशा वेळी प्रामाणिक संग्राहक चिन्हाची जागा कोरी सोडी किंवा प्रश्नचिन्ह टाकी. उतावळा संग्राहक रंग पाहून अंदाजाने चिन्ह लिही. शंभर वर्षांनंतर खण उघडणाऱ्या अभ्यासकाला मात्र दोन्ही चिन्हे सारखीच दिसतात.

१३/
आणखी एक बाब इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी अशी. पक्षी हेरणे, मारणे, सोलणे ही कामे साहेब एकटा करीत नसे. खाडीची वाट ठाऊक असणारे शिकारी, होडी हाकणारे, कातडे सोलायला शिकवलेले नोकर यांच्या आधारावरच हे संग्रह उभे राहिले. पोट उघडून आत काय आहे ते प्रथम पाहणारे डोळे अनेकदा त्यांचे होते. चिठ्ठीवर नाव मात्र सहसा साहेबाचे असे. ज्या निरीक्षणावर पुढचे शास्त्र उभे राहिले, त्याचे श्रेय अशा रीतीने अर्धेच नोंदले गेले आहे.

१४/
ह्यूमच्या पक्षीप्रेमाचा शेवट दुःखद झाला. सिमल्याच्या त्याच्या बंगल्यातील हस्तलिखितांचा मोठा साठा एका नोकराने रद्दी म्हणून विकून टाकला. अनेक वर्षांची टिपणे गेली. खचलेल्या ह्यूमने आपला संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला देऊ केला. १८८५ साली तो नेण्यासाठी लंडनहून रिचर्ड बाउडलर शार्प सिमल्याला आला. सुमारे ८२,००० नमुने. त्यांपैकी ७५,००० हून अधिक अखेर संग्रहालयात दाखल झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. टिपणे नष्ट झाली तरी चिठ्ठ्या पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या होत्या. म्हणून त्या वाचल्या.

१५/
शार्प हा खंड्यांचा जाणकार. विशीतच त्याने या कुळावर एक सचित्र ग्रंथ सिद्ध केला होता (१८६८ ते १८७१). आता त्याच्यापुढे एकाच प्रकारचे, पण वेगवेगळ्या किनाऱ्यांवरचे पक्षी शेजारी शेजारी मांडलेले होते. १८९२ साली त्याने गळपट्ट्याच्या खंड्याच्या चार रूपांना नावे दिली : व्हिडाली, ह्यूमी, डेव्हिसोनी आणि आर्मस्ट्राँगी. पहिले भारताच्या पश्चिम किनाऱ्याचे, रत्नागिरीपासून दक्षिणेकडचे. दुसरे सुंदरबनापासून पूर्वेकडचे, तिसरे अंदमानचे. विल्यम डेव्हिसन हा ह्यूमचाच संग्राहक. व्हिडाल, ह्यूम, डेव्हिसन : ‘स्ट्रे फेदर्स’चे जाळे असे लॅटिन नावांत गोठले.

१६/
अशी रूपे वेगळी करताना तुलना होते ती रंगछटेची, चोचीच्या लांबी-रुंदीची, पंखाच्या मापाची. समजा, एका किनाऱ्याचे दोनच नमुने आहेत आणि दोन्ही माद्या आहेत; दुसऱ्या किनाऱ्याचे तीन आहेत आणि तिन्ही नर. आपण मांडून पाहणार आणि म्हणणार, ‘पहिल्या किनाऱ्यावरचे पक्षी अधिक हिरवे आहेत.’ वाक्य खरे, निष्कर्ष खोटा. भर म्हणजे खंड्याचा निळा रंग हा निळ्या द्रव्याचा नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन तो दिसतो. पिसे झिजली, मळली, तर छटाही बदलते. म्हणून नराशी नर, मादीशी मादी, ताज्या पिसांशी ताजी पिसे, हाच तुलनेचा एकमेव न्याय्य मार्ग ठरतो.

१७/
व्हिडाली हे नाव आजही वापरात आहे, उपप्रजातीचे नाव म्हणून. मूळ प्रजातीचा पसारा मात्र बदलला. एके काळी तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंतचे सुमारे ५० प्रकार या एका प्रजातीत कोंबलेले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की हे सगळे एका वंशवेलीचे नाहीत. दिसायला सारखे असणारे काही पक्षी दुसऱ्याच प्रजातींचे जवळचे आप्त आहेत. त्यानंतर त्या जुन्या प्रजातीचे अनेक तुकडे झाले. अशा अभ्यासांत जुन्या कातड्यांच्या तळपायाचा लहानसा कापही उपयोगी पडू शकतो. खणांतल्या त्या पक्ष्यांचे काम अजून संपलेले नाही.

१८/
वयाच्या खुणाही अशाच टप्प्याटप्प्याने हाती आल्या. पक्ष्याच्या पिल्लात गुदद्वाराजवळ एक लहान पिशवी असते. वय वाढते तशी ती आक्रसते. इटलीतील पादुआचा शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने तिचे केलेले वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापले गेले. पुढे विसाव्या शतकात रोगप्रतिकारशास्त्रातील ‘बी पेशीं’ना त्यांचे आद्याक्षर या पिशवीवरूनच मिळाले. दुसरी खूण कवटीची. पिल्लाच्या कवटीचे छत एकेरी असते. वाढत्या वयात दोन थर आणि मधले बारीक खांब तयार होतात. संग्राहक या दोन खुणा पाहून चिठ्ठीवर ‘अल्पवयीन’ असे लिहू शकत. तेही अर्थात पक्षी मेल्यावरच.

१९/
जिवंत पक्ष्याचे वय आणि लिंग ओळखण्याची निकड निर्माण झाली ती कड्यांमुळे. १८९९ साली डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मॉर्टेन्सन याने साळुंकीच्या जातकुळीतल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालून त्यांना सोडून दिले. पक्षी मारण्याऐवजी परत भेटावा, ही त्यामागची इच्छा. भारतात १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९६० च्या दशकात सलीम अली यांच्या पुढाकाराने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. आता पोट उघडणे शक्य नव्हते. नजर पिसांच्या कडांकडे, चोचीच्या रंगाकडे आणि पिसे गळण्याच्या क्रमाकडे वळली.

२०/
नर-मादी सारखेच दिसणाऱ्या पक्ष्यांचे कोडे १९९८ साली बऱ्याच अंशी सुटले. पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रे दोन वेगळ्या प्रकारची असतात, नराची दोन्ही सारखी. माणसाच्या नेमके उलट. या फरकावर बेतलेली आणि बहुतेक पक्ष्यांना लागू पडणारी एक डीएनए चाचणी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. रक्ताचा थेंब किंवा एखादे पीस पुरेसे. व्हिडालच्या काळी ज्यासाठी जीव घ्यावा लागे, ते आता पक्ष्याला क्षणभर हातात धरून कळू लागले.

२१/
ही माहिती केवळ यादीची शोभा नव्हे, याचा पुरावा याच वंशातल्या दुसऱ्या पक्ष्याने दिला आहे. पॅसिफिकमधील ग्वाम बेटावरचा खंड्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून तिथे तपकिरी वृक्षसर्प शिरला आणि बेटावरचे पक्षी संपवत गेला. १९८४ ते १९८६ या काळात उरलेल्यांपैकी २९ खंड्ये पकडून प्राणिसंग्रहालयांत नेले गेले. १९८८ नंतर रानात एकही उरला नाही. आज हयात असलेला प्रत्येक पक्षी त्या २९ जणांचा वंशज आहे. २०२४ साली त्यांपैकी नऊ तरुण पक्षी पाल्मायरा या प्रवाळबेटावर मोकळे सोडण्यात आले.

२२/
ग्वामच्या खंड्यात प्रौढ नराचे पोट दालचिनीच्या रंगाचे आणि मादीचे पांढरे असते, म्हणून जोड्या निदान डोळ्यांनी ओळखता येत होत्या. इतक्या थोड्या पक्ष्यांतून वंश उभा करताना नर किती, माद्या किती, विणीच्या वयाचे किती, हेच आकडे निर्णायक असतात. ‘२९ पक्षी’ ही संख्या एकटी काहीच सांगत नाही. त्यांतले किती जण अंडी घालू शकतात, यावर त्या संख्येचा अर्थ अवलंबून असतो.

२३/
आता पुन्हा रत्नागिरीच्या खाडीकडे. आज या पक्ष्याच्या नोंदी होतात त्या बंदुकीने नव्हे, कॅमेऱ्याने. एखादे छायाचित्र टिपले की बहुतेक जण प्रजातीचे नाव लिहून थांबतात. पण त्याच छायाचित्रात अधिक काही दडलेले असते. छाती निखळ पांढरी की खवलेदार? पंखावरच्या पिसांना फिकट किनार आहे का? खवलेदार छातीचा पक्षी म्हणजे यंदाचे पिल्लू. प्रौढ पक्षी प्रत्येक हंगामात तेवढेच दिसत राहिले आणि पिल्ले दिसेनाशी झाली, तर पक्षी आहेत पण वीण थांबली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. ढोली असलेली जुनी झाडे तोडली गेली, तर हे आधी घडते आणि प्रौढ पक्षी नाहीसे होणे नंतर.

२४/
लिंगाबद्दल मात्र संयम हवा. एकट्या पक्ष्याच्या छायाचित्रावरून ‘हिरवट दिसतो म्हणून मादी’ असे लिहिणे म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या उतावळ्या संग्राहकाचीच री ओढणे. सकाळचे ऊन, ढगाळ आभाळ, कॅमेऱ्याची मांडणी, सगळ्यांनी ती छटा बदलते. जोडी शेजारी बसलेली असेल, तर दोघांचे एकत्र छायाचित्र जपून ठेवावे. नाहीतर रकाना कोरा सोडावा. खणांतल्या जुन्या चिठ्ठ्यांपैकी आज सर्वाधिक विश्वासाने वाचल्या जातात त्या अशा लोकांच्या, ज्यांनी पाहिले तेवढेच लिहिले आणि पाहिले नाही तिथे जागा रिकामी ठेवली.